मॅफ सेन्सर बदलायच्या आधी दोन आकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.६ लिटरची पेट्रोल गाडी, इंजिन लाईट लागलीय, स्कॅनरवर पी०१०१ आणि पी०१७१ असे दोन कोड. स्लोवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, गाडी व्यवस्थित चालते पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना पिकअपच नाही, मधेच हलके झटके देते, अ‍ॅव्हरेज पण पडलंय. मेकॅनिकने एअर फ्लो सेन्सरचा प्लग काढून एक चक्कर मारून दाखवली, गाडी जरा मोकळी पळाली, म्हणून तो म्हणतोय सेन्सर गेलाय, नवीन टाका. टाकू का?

लगेच नको. कदाचित सेन्सरच असेल, लक्षणं तशी आहेत, पण एवढ्या पुराव्यावर सेन्सर विकत घ्यायचा नसतो. याच लक्षणांच्या गाड्यांमध्ये नवीन सेन्सर टाकून लाईट आठवड्यात परत लागलेली मी इतक्यांदा बघितलीय की आता कोड बघून मॅफ बदलणाऱ्यांशी वाद पण घालत नाही, सरळ स्कॅनर लावतो आणि दोन आकडे दाखवतो. एक फ्युएल ट्रिम आणि दुसरा इंजिन खरोखर किती हवा ओढतंय त्याचा. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की निम्म्याहून जास्त निकाल तिथेच लागतो.

आधी सेन्सर काय करतो ते बघू, म्हणजे पुढचं डोक्यात नीट बसेल. मॅफ म्हणजे मास एअर फ्लो, तो एअर फिल्टरच्या डब्याच्या लगेच पुढे पाईपमध्ये बसलेला असतो. आत एक बारीक तार किंवा फिल्म असते, ती सर्किट करंट देऊन आजूबाजूच्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी गरम ठेवतं. हवा वाहिली की ती थंड व्हायला बघते, मग तेवढंच तापमान टिकवायला जास्त करंट लागतो, आणि तो किती लागला यावरून सेकंदाला किती ग्रॅम हवा गेली ते कळतं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या ग्रॅमच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा. पुढे सायलेन्सरच्या लाईनवर ऑक्सिजन सेन्सर बसलेला आहे, तो जळून झाल्यावर ऑक्सिजन उरला का नाही ते सांगतो. म्हणजे मॅफ आवक लिहितो, ऑक्सिजन सेन्सर जावक तपासतो, आणि दोन्ही वह्यांचा मेळ बसत नसेल तर ईसीयू पेट्रोल कमीजास्त करून तो बसवून घेतो. ही जी वरून केलेली दुरुस्ती, तिलाच फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ता या क्षणाला चाललेली, लाँग टर्म म्हणजे शिकून लक्षात ठेवलेली.

आता तारेवर धूळ आणि तेलाचा पातळ थर बसला असं धरा. तार हवेपासून झाकली जाते, कमी थंड होते, सेन्सर हवा कमी दाखवतो. समजा खऱ्या हवेच्या ८० टक्केच दाखवली. ईसीयू पेट्रोल पण ८० टक्केच सोडणार, मिश्रण लीन होणार, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणार, ऑक्सिजन सेन्सर ओरडणार, आणि ट्रिम चढत चढत अधिक २५ वर जाणार, कारण ८० चे परत १०० करायला पाव भाग वाढवावाच लागतो. तिथे किंवा त्याच्या थोडं आधीच बऱ्याच गाड्यांमध्ये पी०१७१ पडतो. पी०१७१ चा अर्थ एवढाच की पेट्रोल वाढवून वाढवून ईसीयू दमला, बाकी काही नाही. सेन्सरचं नाव त्यात कुठेच नाही.

पी०१०१ मध्ये मात्र मॅफचं नाव आहे आणि तिथेच सगळे फसतात. हा कोड म्हणजे सेन्सर मेला असा निरोप नाही. ईसीयूकडे थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप) किती उघडलाय, आरपीएम किती, गाडीत मॅप सेन्सर असेल तर मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाईपांचं, प्रेशर किती, हे सगळं असतं, त्यावरून तो अंदाज बांधतो की एवढी हवा यायला पाहिजे. मॅफचा आकडा त्या अंदाजाशी जुळला नाही की पी०१०१. मग मॅफ खोटं बोलत असेल, किंवा मॅफ खरं बोलतोय आणि हवाच कमी येतीय, किंवा हवा मॅफला चुकवून दुसऱ्या रस्त्याने आत घुसतीय, किंवा थ्रॉटल कार्बनने भरलाय. कोड तिन्हीचारी वेळेला तोच. पी०१०२ आणि पी०१०३ ची गोष्ट वेगळी, ते सिग्नल फारच खाली किंवा फारच वर गेल्याचे इलेक्ट्रिकल कोड आहेत, तिथे आधी वायरिंग बघायचं. पी०१०४ म्हणजे सिग्नल अधूनमधून तुटतोय, यात कनेक्टर हलवून बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

एक गोष्ट राहिली, बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये मॅफ नसतोच, फक्त मॅप सेन्सरवर काम चालतं. तुमच्या गाडीला पी०१०१ आलाय म्हणजे आहे, पण हे वाचून दुसरं कोणी फिल्टरच्या पाईपमध्ये सेन्सर शोधत बसेल आणि तिथला हवेच्या तापमानाचा छोटा दोन वायरवाला सेन्सर मॅफ समजून काढून धुवेल, म्हणून सांगितलं.

मेकॅनिकच्या त्या प्लग काढायच्या टेस्टबद्दल. वाईट नाही, पण ती फक्त दिशा दाखवते, निकाल देत नाही. प्लग काढला की ईसीयू मॅफवर विसंबून राहायचं सोडतो आणि थ्रॉटल-आरपीएमच्या साठवलेल्या तक्त्यावर गाडी चालवतो. मॅफ हवा कमी दाखवत असेल तर गाडी सुधारते, खरं आहे. पण फिल्टरपुढचा रबरी पाईप फाटला असेल तरी गाडी सुधारते, कारण तक्त्याला पाईप फाटलाय का नाही याच्याशी देणंघेणं नसतं. डिझेलमध्ये तर ही टेस्ट अजूनच फसवी, बऱ्याच डिझेल गाड्या मॅफ काढला की ईजीआर (जळालेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी सोय) बंद करून टाकतात, मग ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकायला लागला असेल तरी प्लग काढल्यावर गाडी पळते आणि शिक्षा मॅफला होते. शिवाय प्लग काढल्यावर आणखी एक कोड पडतो आणि काही गाड्यांत जुनी नोंद पुसली जाते, ते वेगळंच.

आता कामाला लागू. पहिलं काम, कोड पुसू नका. प्रत्येकाला घाई असते लाईट घालवायची. कोड पुसला की त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, स्पीड किती, लोड किती, ट्रिम किती हा सगळा फोटोच जातो. तो आधी वहीत लिहून घ्या नाहीतर मोबाईलवर फोटो काढा. कोड स्लोवर थंड इंजिनला पडला का हायवेला ८० च्या स्पीडला पडला, यावरून अर्धी दिशा मिळते.

मग बोनेट उघडा, आणि यात लाजायचं नाही, सगळ्यात जास्त गाड्या इथेच सुटतात. फिल्टरच्या डब्याच्या सगळ्या क्लिपा बसल्यात का, फिल्टर बदलल्यावर एखादी क्लिप अर्धवट राहणं अगदी कॉमन आहे. फिल्टर नीट खाचेत बसलाय का, का मुडपून एका बाजूने फट राहिलीय. मॅफवरचा बाण इंजिनकडे आहे का. मग मॅफपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाईप, हा वरून चांगला दिसतो आणि त्याच्या घड्यांच्या खालच्या बाजूला चीर असते. हाताने वाकवून, ताणून बघायचा, जमलं तर काढूनच बघायचा. गाडी जोरात घेतली की इंजिन माउंटवर थोडं फिरतं, पाईप ताणला जातो आणि चीर उघडते, स्लोवर ती परत मिटते. म्हणजे लक्षण हुबेहूब तुमच्यासारखं, स्लो ठीक आणि लोडवर बोंब. त्यानंतर ऑइल भरायचं झाकण, डिपस्टिक, पीसीव्हीचा पाईप (इंजिनच्या पोटातली, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत आत ओढणारा), ब्रेक बूस्टरचा पाईप. डिपस्टिक नीट बसली नाही तरी काही इंजिनांमध्ये हवा चोरवाटेने आत जाते हे लोकांना पटत नाही, पण क्रँककेस मॅनिफोल्डला जोडलेला असतो, मग दुसरं काय होणार.

इथे फरक लक्षात ठेवा. फट थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला असेल तर ती स्लोवर जास्त त्रास देते, कारण स्लोवर तिथे व्हॅक्यूम जोरात असतो आणि इंजिनला एकूण हवा थोडीच लागत असते, त्यामुळे चोरून आलेली हवा टक्केवारीत मोठी पडते. २५०० आरपीएमला रेस धरली की तीच फट किरकोळ होऊन जाते, ट्रिम खाली उतरते. फट मॅफ आणि थ्रॉटलच्या मधे असेल तर तिथे व्हॅक्यूम फारसा नसतो, त्यामुळे स्लोवर ती इतकी उठून दिसत नाही, लोडवर दिसते. आणि मॅफ घाणीने भरला असेल तर हवा जितकी जास्त तितकी चूक जास्त, स्लोवर ट्रिम शून्याच्या आसपास किंवा थोडी वर, कधी तर स्लोवर चक्क उणेमध्ये, आणि फुल रेसला अधिक २० च्या घरात.

म्हणजे पहिला आकडा झाला ट्रिम, तो तीन जागी लिहायचा. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, स्लोवर एकदा. उभ्या गाडीत २५०० आरपीएम धरून एकदा. आणि रस्त्यावर लोडवर एकदा. शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज करायची, एकटा शॉर्ट बघून काही कळत नाही कारण ईसीयूने चूक आधीच लाँगमध्ये ढकललेली असते. बेरीज अधिक-उणे ५ च्या आत म्हणजे उत्तम, १० पर्यंत चालवून घेतो, त्याच्या पुढे कारण शोधायचं. फुल रेसला बऱ्याच गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं थांबवतात, शॉर्ट टर्म तिथे गोठते, म्हणून लोडवरची लाँग टर्म बघा, तीही स्थिर वेगाने चढ चढताना वगैरे.

दुसरा आकडा जास्त मजेशीर आणि तो फार कमी लोक काढतात. चारस्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या क्षमतेएवढी हवा गिळतं. तुमचं १.६ लिटर, म्हणजे एका फेरीला ०.८ लिटर. ४००० आरपीएमला मिनिटाला ३२०० लिटर. हवेचं वजन लिटरला साधारण १.२ ग्रॅम धरा, झाले ३८४० ग्रॅम मिनिटाला, म्हणजे सेकंदाला ६४ ग्रॅम. हे झालं १०० टक्के भरणं. बिनटर्बोचं तब्येतीने बरं इंजिन फुल थ्रॉटलला ८० ते ९० टक्के भरतं, म्हणजे ४००० ला स्कॅनरवर सेकंदाला ५१ ते ५८ ग्रॅम दिसायला पाहिजेत. आता मोकळा सरळ रस्ता बघा, शेजारी कोणाला तरी बसवा, स्कॅनर रेकॉर्डिंगवर टाका, दुसऱ्या गिअरमध्ये २००० पासून फुल दाबून साडेचार हजारापर्यंत न्या आणि सोडा. चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही, रेकॉर्ड नंतर बघायचं. त्यात ४००० आरपीएमच्या समोर मॅफचा आकडा शोधायचा. ५२ आला तर ५२ भागिले ६४, ८१ टक्के, हवेचा हिशोब ठीक. ३९ आला तर ६१ टक्के, कुठेतरी पाणी मुरतंय.

उंचावर राहत असाल तर हवा पातळ असते, समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर साधारण १५ टक्के हलकी, ती सूट द्यायची. कडक उन्हात ४० अंशांची हवा असेल तर लिटरला १.१३ ग्रॅमच्या आसपास धरा. फार बारीक जायची गरज नाही, आपल्याला ८१ का ८४ ठरवायचं नाहीये, ८० का ६० ते ठरवायचंय.

आता दोन्ही आकडे एकत्र ठेवा. ट्रिम वर गेलीय आणि हवेची टक्केवारी कमी येतीय, तर हवा प्रत्यक्षात जातीय पण मोजली जात नाहीये, म्हणजे मॅफ घाण झालाय किंवा खराब आहे, किंवा मॅफ आणि थ्रॉटलच्या मधे पाईप फाटलाय. ट्रिम वर गेलीय पण हवेची टक्केवारी चांगली ८०-८५ आहे, तर मॅफ बरोबर मोजतोय, पेट्रोल कमी पडतंय, फ्युएल पंप, फिल्टर, प्रेशर किंवा इंजेक्टर बघा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण थकलेला फ्युएल पंप आणि घाण झालेला मॅफ गाडी चालवताना अगदी सारखे वाटतात, दोघंही स्लोवर शहाणे आणि लोडवर नालायक, आणि दोघंही पी०१७१ टाकतात. कितीतरी मॅफ या पंपापायी बळी गेलेत.

तिसरी जोडी, ट्रिम ठीक आहे पण हवेची टक्केवारी कमी. इथे मॅफ खरं बोलतोय, हवाच कमी जातीय. सायलेन्सरच्या लाईनवरचा धूर साफ करणारा कॅटकॉन चोक झालाय, फिल्टर अगदीच गच्च झालाय, थ्रॉटल पूर्ण उघडत नाहीये, टायमिंग चेन लांबून व्हॉल्व्हची वेळ चुकलीय, असलं काहीतरी. बऱ्याच जणांना वाटतं एअर फिल्टर घाण झाला की मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, कार्ब्युरेटरच्या जमान्यात व्हायचं ते, पण मॅफवाल्या गाडीत फिल्टरमधून जेवढी हवा आली तेवढी मोजली जाते आणि तेवढंच पेट्रोल सुटतं, पॉवर कमी मिळते पण ट्रिम हलत नाही. चौथी जोडी, ट्रिम नुसती स्लोवर वर आणि रेस दिल्यावर खाली, तर मॅनिफोल्डच्या बाजूची फट, मॅफकडे बघू पण नका. ट्रिम उणेमध्ये असेल तर मॅफ जास्त दाखवतोय का हे तपासता येईल, पण त्याआधी गळका इंजेक्टर आणि टाकीच्या वाफेचा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का ते बघा.

टर्बो असेल तर अजून एक गंमत, टर्बोच्या पुढचा पाईप फुटला की मोजलेली हवा बाहेर निसटते. मॅफ म्हणतो एवढी हवा गेली, इंजिनला त्यापेक्षा कमी पोचते, मिश्रण रिच. बिनटर्बोच्या फटीच्या बरोबर उलटं. बूस्टला ट्रिम उणेमध्ये आणि शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाज येत असेल तर पाईप आणि क्लॅम्प बघा.

समजा तुमची पहिली जोडी निघाली, जी लक्षणांवरून मला वाटतीय. पाईप नीट बघून झालाय, शंका असेल तर गॅरेजमध्ये स्मोक मशीनने धूर सोडून बघा, फट असेल तिथून धूर येतोच. इंजिन चालू ठेवून ज्वालाग्राही स्प्रे मारून फट शोधायची जी जुनी पद्धत आहे ती गरम सायलेन्सरजवळ मी कुणाला सांगणार नाही.

पाईप चांगला असेल तरी सेन्सर काढायच्या आधी वायरिंग तपासा, मल्टिमीटर असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. कोणती वायर कशाची ते गाडीच्या वायरिंग डायग्राममधूनच घ्या, अंदाजाने पिना टोचू नका. कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन घालून मोजायचं. इंजिन चालू असताना सप्लायच्या वायरवर बॅटरीएवढा व्होल्टेज यायला पाहिजे, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर रिले, फ्यूज किंवा मधला जॉइंट बघा. अर्थची वायर, ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन सेन्सरच्या अर्थवर, इंजिन चालू, लाइट आणि ब्लोअर चालू, ०.१ व्होल्टच्या खाली पाहिजे. अर्थ खराब असेल तर सिग्नलचा आकडाच सरकतो आणि चांगला सेन्सर खोटा ठरतो. मग सिग्नल. अ‍ॅनालॉग सेन्सर असेल तर इग्निशन ऑन, इंजिन बंद, तेव्हा बऱ्याच गाड्यांत १ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली, आणि रेस दिली की सुरळीत वर चढत जातो, मधेच पडत नाही. काही सेन्सर व्होल्टेज देत नाहीत, फ्रिक्वेन्सी देतात, त्यांना मीटर हर्ट्झवर ठेवावा लागतो, नाहीतर तुम्हाला व्होल्टेज एका जागी अडकल्यासारखा दिसेल आणि उगाच सेन्सर मेला म्हणाल.

इग्निशन ऑन आणि इंजिन बंद असताना स्कॅनरवर हवा शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ दिसायला पाहिजे. काही गाड्यांत थोडा आकडा दिसतो, ते चालतं, पण इंजिन बंद असताना २-३ ग्रॅम दाखवत असेल तर सेन्सर किंवा सर्किट सरकलंय. स्लोवर गरम इंजिनला, एसी बंद, १.६ लिटरला सेकंदाला साधारण २ ते साडेतीन ग्रॅम येतात, लिटरमागे एक ते दोन असा ढोबळ हिशोब. पण स्लोचा आकडा बरोबर आला म्हणून सेन्सर पास झाला असं नाही, परत सांगतो, घाण झालेला मॅफ स्लोवर साळसूद असतो.

आणि हे करताना स्लोवर इंजिन चालू ठेवून सेन्सरच्या बॉडीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा, वायरचा जुडगा हलवा, वाकवा. इंजिन अडखळलं किंवा स्कॅनरवर आकडा उडाला की चोर सापडला. वायर हलवल्यावर उडाला तर कनेक्टर, सेन्सरवर टकटक केल्यावर उडाला तर आतला जॉइंट.

आता सफाई. यासाठी मॅफ सेन्सर क्लीनर म्हणून वेगळा स्प्रे मिळतो, उडून गेल्यावर मागे काही थर न ठेवणारा, तोच घ्या. कार्ब्युरेटर क्लीनर नको, तो कठोर असतो आणि मागे थर सोडतो, तेवढ्यासाठी चांगला सेन्सर मारू नका. कॉम्प्रेसरची हवा नको, कापूस नको, बोट नको, ती तार नाहीतर फिल्म फुंकरीने तुटत नाही पण कापसाच्या काडीने आरामात तुटते. इग्निशन बंद, इंजिन बंद करून थोडं थांबा, कनेक्टर काढा, दोन स्क्रू असतात, बऱ्याचदा चांदणीच्या आकाराचे आणि मधे टोक असलेले, त्याला तसाच बिट लागतो, पक्कडीने फिरवून डोकं खराब करू नका. सेन्सर बाहेर काढल्यावर उजेडात नीट बघा, बारीक तार किंवा मण्यासारखा दाणा दिसेल, त्यावर करडा लोकरीसारखा धुरळा किंवा तपकिरी चिकटपणा असेल तर तुमचं उत्तर डोळ्यासमोरच आहे. बारापंधरा वेळा थोड्या अंतरावरून फवारा, शेजारी हवेच्या तापमानाचा दाणा असतो त्यावर पण, आणि घासायचं काहीच नाही. मग पूर्ण वाळू द्या, निदान १५-२० मिनिटं. ओ-रिंग जागेवर आहे का बघून बसवा.

जुन्या तारवाल्या काही सेन्सरांमध्ये इंजिन बंद केल्यावर तार सेकंदभर सुमारे १००० अंशांपर्यंत लालबुंद तापवून घाण जाळून टाकायची सोय होती. नंतरच्या फिल्मवाल्या डिझाईनमध्ये ती गेली, म्हणून आता हे काम आपल्याकडे आलं.

घाण आली कुठून हेही बघा, नाहीतर परत तेच. तेल लावायचा धुता येणारा फिल्टर असेल आणि त्याला तेल जास्त झालं असेल तर तेलाचे कण थेट तारेवर जातात. फिल्टरच्या कडेने फट राहिली तर धूळ. आणि क्रँककेसची वाफ पाईपमध्ये जास्त येत असेल तर इंजिन बंद झाल्यावर ती मागे सेन्सरपर्यंत चढते, पीसीव्ही बघा.

सफाईनंतर आता कोड पुसा आणि ट्रिम रिसेट करा, नाहीतर ईसीयू जुन्या शिकलेल्या अधिक २० च्या हिशोबाने पेट्रोल टाकत बसेल आणि गाडी रिच चालेल काही वेळ. मग तीच दुसऱ्या गिअरची फेरी परत, त्याच रस्त्यावर. आधी ४० च्या आसपास दाखवणारा आकडा ५० च्या पुढे गेला आणि नेहमीसारखं काही दिवस चालवल्यावर लाँग टर्म एकेरी आकड्यात आली तर झालं काम. आकडा तेवढाच राहिला, पाईप फाटलेला नाही, वायरिंग पास आहे, तर मग सेन्सर बदला, तेव्हा मी पण तेच सांगेन. यात फार दिवस घालवू नका, हवा कमी दिसते म्हणजे ईसीयूला लोड कमी वाटतो, तो स्पार्क पुढे घेतो आणि फुल रेसला मिश्रण पण लीन, दोन्ही मिळून इंजिन ठोकायला लागतं. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पण विचित्र वेळेला पडतात.

नवीन घेताना पार्ट नंबर जुन्याशी जुळवून घ्या, नुसता आकार आणि प्लग सारखा असून भागत नाही. एकाच बॉडीचे सेन्सर वेगवेगळ्या कॅलिब्रेशनचे येतात आणि पाईपचा व्यास बदलला तरी आकडा बदलतो. नकली माल या सेन्सरमध्ये खूप आहे, नवीन टाकून ट्रिम अजूनच बिघडली तर बदललेला पार्ट निर्दोष आहे असं गृहीत धरू नका, तोच दोन आकड्यांचा हिशोब त्यालाही लावा. जुना सेन्सर तोपर्यंत फेकू नका.

डिझेलवाल्यांसाठी थोडं, कारण तिथे ही ट्रिमची सोय बहुतेक गाड्यांत नसते. डिझेलमध्ये मॅफचं मुख्य काम ईजीआर किती उघडायचा आणि काळा धूर न होता किती डिझेल सोडायचं ते ठरवणं. तिथे स्कॅनरवर हवा बऱ्याचदा मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक अशी दिसते. २ लिटर चार सिलिंडर म्हणजे एक सिलिंडर ५०० सीसी, पूर्ण भरला तर साधारण ६०० मिलिग्रॅम. स्लोवर ईजीआर बंद असताना ४०० ते ५०० च्या आसपास, उघडला की २०० ते ३०० पर्यंत उतरतो. स्कॅनरवरून ईजीआर बंद-उघड करता येत असेल तर करून बघा, आकडा हलतच नसेल तर आधी ईजीआर अडकलाय का ते काढून बघा. ईजीआर बंद ठेवून सुद्धा आकडा ३०० च्या वर जात नसेल, फिल्टर मोकळा असेल, मॅफपासून टर्बोपर्यंतचा पाईप शाबूत असेल, तर मॅफवर संशय घ्यायला जागा आहे.

तुमच्या गाडीला परत येतो. ट्रिमचे तीन आकडे, ४००० आरपीएमचा मॅफ आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो हे घेऊन मेकॅनिककडे जा आणि त्याच्यासमोर ठेवा, चांगला मेकॅनिक असेल तर त्याला आवडेल. सफाई करून, नंतर सेन्सर बदलूनसुद्धा काही दिवसांनी पी०१०१ परत आला, तर कनेक्टरच्या आतल्या मादी पिना बघा. सारखा प्लग काढून-लावून त्या सैल होतात, वरून क्लिप कट्ट वाजते पण आत पिनेवर पकड नसते. त्याच मापाची सुटी पिन मिळाली तर प्रत्येक खोबणीत एकेकदा घालून ओढून बघा, जिथे अडकल्यासारखी न वाटता सहज निघून येईल तो टर्मिनल बदला.